भूलवाल्या बाईची शाळा

"भूलवाली बाई शे का?"

रुग्णालयाच्या फाटकाशी रिक्षा थांबली की आत वळायच्या आधी माणसं एवढंच विचारायची. रखवालदारानं मान हलवली तर रिक्षा आत यायची. त्यानं हात झटकला तर रिक्षा तिथूनच फिरायची आणि धुळ्याचा रस्ता धरायची. सुईण कोण, सर्जन कोण, याची चौकशी कुणी करत नसे. पोट उघडायचं तर आधी भूल लागते, आणि भूल देणारी बाई एकच आहे, हे आजूबाजूच्या गावांना पुरतं कळून चुकलं होतं.

ती बाई म्हणजे डॉ. प्रज्ञा. जळगावच्या पिंप्राळ्यातली. वडील भिकन डाळ मिलमध्ये मशीनवर होते, आई द्रौपदाबाई अंगणवाडीत. त्यांच्या गल्लीतली ती पहिली डॉक्टर. पुढच्या शिक्षणाला तिला भूलशास्त्राची जागा मिळाली तेव्हा शेजारणीनं जरा कीव करत विचारलं होतं, म्हणजे तुमची प्रज्ञा ऑपरेशन करणार नाही का? द्रौपदाबाई म्हणाल्या होत्या, ऑपरेशन दुसरा करील, पण आमची प्रज्ञा हो म्हटल्याशिवाय त्याला सुरी लावता यायची नाही.

सरकारी नोकरीत नरडाण्याच्या पलीकडच्या या तालुक्याच्या गावी ती आली ती तात्पुरती म्हणून, आणि दहा वर्षं तिथंच राहिली. सोमवारी सकाळच्या गाडीनं जळगावहून नरडाणा, तिथून रिक्षा, शनिवारी उलट. नवरा युवराज जळगावला शाळेत शिक्षक, त्यामुळे घर पिंप्राळ्यातच. आठवड्याचे मधले दिवस ती रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये काढायची. तिला तापाची रजा घ्यायचीही चोरी होती. ती आजारी पडली की थिएटरला कुलूप. एकदा कावीळ झाली तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हितेंद्र तिला भेटायला आला आणि प्रकृतीची चौकशी करायच्या आधी कधी येतेस ते विचारून बसला. तो यावलकडचा, केळीवाल्या घरातला, स्वभावानं मोकळा. नंतर स्वतःच ओशाळला.

प्रज्ञाच्या मनात भूल शिकवायच्या शाळेचं खूळ शिरलं ते चाळीसगावच्या लग्नामुळे. मावसबहिणीचं लग्न होतं, दोन दिवसांची रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतलेली. बदली भूलतज्ज्ञ पाठवा असं तिनं वर कळवलं होतं, कुणी आलं नाही. लग्नाच्याच दुपारी दिपमाला नावाची पहिलटकरीण रुग्णालयात आली. बाळाचे ठोके मंदावत होते. हितेंद्रनं अँब्युलन्स बोलावून तिला धुळ्याला पाठवलं. सोनगीरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. धुळ्याला पोचून पोट चिरेपर्यंत बाळ गेलं. दिपमाला तेवढी वाचली.

प्रज्ञाला हे सोमवारी कळलं. हितेंद्रनं नुसतं सांगितलं, दोष दिला नाही. पण पुढच्या आठवड्यात दिपमालाची सासू वच्छलाबाई टाके दाखवायला सुनेला घेऊन आली, ती प्रज्ञासमोर उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नव्हत्यात ना बाई त्या दिवशी." आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रज्ञाला जास्त लागलं. आपण लग्नात जेवत होतो तेव्हा हे झालं, असं ती युवराजला म्हणाली. तो म्हणाला, तू जेवायचं नाहीस, असं तर कुणी म्हणत नाही. ती म्हणाली, तेच म्हणतायत सगळे.

साध्या एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन अडलेल्या बाळंतिणीपुरती भूल द्यायला तयार करायचं, अशी सोय सरकारात आहेच. पण ती प्रशिक्षणं मोठ्या शहरांत व्हायची. तिकडे गेलेला डॉक्टर बहुधा तिकडचाच होऊन जायचा. प्रज्ञाचं म्हणणं साधं होतं: प्रशिक्षण इथं द्या. बाळंतिणी इथं आहेत, थिएटर इथं आहे, शिकवायला मी आहे. इथल्या मुलांना इथंच शिकवलं तर त्यांतली निदान दोन-चार टिकतील.

हे म्हणणं वरच्यांना पटवण्यात दोन वर्षं गेली. कुणी नाही म्हटलं असतं तर तिनं भांडून तरी घेतलं असतं. सगळे हो म्हणत होते. एका साहेबांनी कल्पना फार चांगली आहे म्हणून प्रस्ताव मागितला. प्रस्ताव पोचला तेव्हा त्यांची बदली झाली होती. दुसऱ्यांनी पाहणीला माणसं पाठवली. त्या माणसांनी थिएटर पाहिलं, भरीत-भाकरी खाल्ली आणि एका डॉक्टरवर प्रशिक्षण केंद्र कसं चालेल, शिकवायला दोन भूलतज्ज्ञ हवेत, असा शेरा मारला. प्रज्ञानं फोनवर विचारलं, दोन असते तर मी हे कशाला मागितलं असतं? पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, मुद्दा बरोबर आहे मॅडम, पण नियम आहे. शेवटी हितेंद्रच्या ओळखीतला जळगावचा एक निवृत्त भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा यायला कबूल झाला, आणि केंद्र मंजूर झालं.

पहिल्या तुकडीला तिनं दोघांना निवडलं. तिसरा अर्ज तिच्याच रुग्णालयातल्या डॉ. झुलालचा होता. तो बाह्यरुग्ण विभागात बसायचा. पन्नाशीला टेकलेला, पाच मैलांवर घर आणि शेती, हळू चालणारा, हळू बोलणारा. प्रज्ञानं तो अर्ज बाजूला ठेवला. भूल देताना क्षणात निर्णय घ्यावा लागतो आणि या माणसाला खोकल्याचं औषध लिहायला पंधरा मिनिटं लागतात, असं तिनं हितेंद्रला सांगितलं. झुलालनं का नाही म्हणून विचारलंसुद्धा नाही.

निवडलेल्या दोघांतला एक महिन्याभरात पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायला म्हणून सोडून गेला. राहिली ऋतिका. रावेरकडची, शिक्षणानंतरची सक्तीची बॉण्डची सरकारी नोकरी करत असलेली, चोवीस-पंचवीसची. आधी प्रज्ञा तिच्याशी कोरडीच वागली. हीही जाणार असं तिनं धरून ठेवलं होतं. पण पोरगी हाताची पक्की निघाली. पाठीच्या मणक्यांमधून सुई नेताना आधी चिवट लागतं, मग एकदम मोकळं होतं आणि पाण्यासारखा स्वच्छ थेंब सुईच्या तोंडाशी येतो. हे मोकळं होणं सांगून कळत नाही, बोटांनाच कळावं लागतं. ऋतिकाच्या बोटांना ते लवकर कळलं. प्रज्ञाचा भर मात्र पुढच्यावर होता. सुई घालणं कुणीही शिकतं, ती म्हणायची, त्यानंतर रक्तदाब पडला की तू काय करतेस त्यासाठी तुला इथं ठेवलंय. ती ऋतिकाला पेशंटच्या डोक्याशी उभी करायची आणि स्वतः भिंतीला टेकून गप्प राहायची. गप्प राहणं तिला फार जड जायचं.

प्रशिक्षण संपलं, ऋतिका परीक्षेत पास झाली. प्रज्ञानं पेढे वाटले. आता महिन्यातून एखादी रजा निर्धास्त घेता येईल, असं ती आईला सांगून आली. आणि आठ दिवसांत ऋतिकाची नेमणूक निघाली ती पंधरा मैलांवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथं थिएटर नव्हतं. बाळंतपणं व्हायची, पण अडलं की पुढे पाठवायची, म्हणजे प्रज्ञाच्याच रुग्णालयात. भूल द्यायला शिकलेली मुलगी सर्दी-पडसं बघायला आणि सभांसाठी माहिती भरून पाठवायला बसली.

प्रज्ञानं फोन केले. तिथलं पद रिकामं होतं, ते भरणं गरजेचं होतं, असं उत्तर मिळालं. इथलंही पद रिकामं आहे, ती म्हणाली. इथं तुम्ही आहात ना मॅडम, असं समोरून आलं. तिनं फोन ठेवला आणि थिएटरमध्ये जाऊन सिस्टरवर विनाकारण ओरडली.

दिपमालाला पुन्हा दिवस गेले होते. आदल्या खेपेचं पोट चिरलेलं, त्यामुळे या वेळी कळांची वाटच बघायची नाही, आधीच तारीख ठरवून सिझेरियन करायचं, असं हितेंद्रनं सांगितलं होतं. तारीख ठरली. तिच्या आदल्या आठवड्यात द्रौपदाबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. प्रज्ञा जळगावला धावली. जाताना तिनं बदली माणूस मागितला. या वेळीही कुणी आलं नाही.

आईला ऑपरेशनला आत नेलं आणि ती बाहेर बाकावर बसली, तोच हितेंद्रचा फोन आला. दिपमालाला कळा सुरू झाल्या होत्या.

"जुना टाका दुखतोय तिचा," तो म्हणाला. "धुळ्यापर्यंत ती धड पोचेल असं मला वाटत नाही. आणि सासू ऐकायला तयार नाही."

मागून वच्छलाबाई धुळ्याला साफ नकार देत होती. "धुयाले आम्ही जावाव नहीत. मांगला टाइमले बी धुयालेच धाडं व्हतं."

हितेंद्रनं स्वतःच भूल देऊन स्वतःच पोट उघडायचं, आणि डोक्याशी लक्ष ठेवायला कुणी नाही, हे त्यालाही पटत नव्हतं आणि तिलाही. ती काय, तो निवृत्त भूलतज्ज्ञ काय, जळगावहून निघून कुणीच वेळेत पोचलं नसतं. प्रज्ञानं ऋतिकाला फोन लावला आणि दोन वाक्यांत काय झालंय ते सांगितलं.

ऋतिका म्हणाली, "मॅडम, माझी ऑर्डर इथली आहे. तिथं भूल द्यायची परवानगी नाही मला."

"माहीत आहे."

"काही झालं तर?"

"तर मी सांगितलं होतं म्हणून सांग. निघ."

ऋतिका स्कूटीवर निघाली. प्रज्ञा बाकावर बसून राहिली. एका दारामागे आई होती, दुसरं दार इथून कितीतरी लांब होतं आणि दोन्हींच्या आत तिला जाता येत नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. भूल बसली होती, पण रक्तदाब खाली येत होता. फोन सिस्टरनं धरला होता. प्रज्ञानं विचारलं, काय दिलंस? ऋतिकानं सांगितलं. बरोबर होतं. पोट डावीकडे कलवलंस का? कलवलं होतं. मग प्रज्ञाला विचारायला काहीच उरलं नाही. ती नुसती म्हणाली, चालू दे, मी ऐकतेय. पलीकडे मशीनचा टिकटिक आवाज, हितेंद्रचं पुटपुटणं, आणि मग बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी होती. हितेंद्रनं नंतर सांगितलं की जुना टाका कागदासारखा पातळ झाला होता, पुढच्या कळांना तो टिकला नसता.

हे इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण वच्छलाबाईच्या भाच्यानं बातमी एका स्थानिक पेपराला दिली. स्कूटीवर धावून आलेली डॉक्टर, बाळासकट फोटो, वगैरे. गावात ऋतिकाचं कौतुक झालं. तो पेपर धुळ्याच्या आरोग्य कार्यालयातही वाचला गेला, आणि तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं की ही डॉक्टर नेमणुकीचं ठिकाण सोडून दुसरीकडे गेली होती. ऋतिका, प्रज्ञा आणि हितेंद्र, तिघांना कारणे दाखवा नोटीस आली. चौकशी होईपर्यंत प्रशिक्षण केंद्र बंद ठेवावं, असंही त्यात होतं.

प्रज्ञा धुळ्याला गेली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. तिच्या आईची चौकशी त्यानं मनापासून केली.

"तुमचं काम मला माहीत आहे मॅडम," तो म्हणाला. "पण समजा ते बाळ दगावलं असतं, तर?"

"मागच्या खेपेला दगावलं होतं सर. तिचंच. तेव्हा आम्हाला कुणालाच नोटीस आली नव्हती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, चौकशी तर करावीच लागेल, एकदा कागद निघाला की तो पुरा करावा लागतो. तुम्हाला काही होणार नाही, मी बघतो. प्रज्ञा म्हणाली की मला काही होईल म्हणून मी आलेच नाहीये, मला माझं केंद्र चालू करून हवंय आणि ती मुलगी माझ्या रुग्णालयात हवीय. ते म्हणाले, चौकशी संपू द्या. चहावर साय धरली होती. ती तो न पिता उठली.

चौकशीला सात-आठ महिने लागले. तिघांना समज देऊन प्रकरण मिटलं. तोवर ऋतिकाचा बॉण्ड संपला होता आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला दूर दुसऱ्या राज्यात जागा मिळाली होती. ती निरोप घ्यायला क्वार्टरवर आली.

"भूलशास्त्रच घेतलंय मॅडम," ती म्हणाली. "दुसरंही मिळत होतं."

प्रज्ञाला आनंद झाला आणि त्याच दमात संतापही आला. कुणावर, ते तिला नीट सांगता आलं नसतं. परत येशील का, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर होतं, पण तिनं विचारलं नाही. तिकडे थंडी असते, स्वेटर चांगला घे, एवढंच म्हणाली. ऋतिका गेल्यावर तिनं हितेंद्रला सांगितलं की आता हे बंद. मी शिकवायचं, यांनी पाखडून फेकायचं आणि उरलेल्यांनी निघून जायचं. मी माझ्यापुरती भूल देईन आणि रजा घेईन तेव्हा थिएटरला कुलूप लागू दे. हितेंद्रनं ऐकून घेतलं. तिनं हे आधीही दोनदा म्हटलं होतं.

केंद्र पुन्हा चालू करायची परवानगी आली. अर्ज मागवले. नोटिशीची गोष्ट सगळीकडे पोचली होती, त्यामुळे एकही तरुण डॉक्टर पुढे आला नाही. एकच अर्ज आला, झुलालचा.

त्याला शिकवताना प्रज्ञाचा जीव मेटाकुटीला आला. तोच प्रश्न तो तीनदा विचारायचा. औषधाचं प्रमाण पाठ असूनही पुन्हा बाटलीवर वाचायचा. त्याची सुई पहिल्या दहा-बारा वेळा हाडावरच जाऊन थांबली. टेबलाशी गेला की आधी बाईशी गप्पा मारत बसायचा: कोणतं गाव, कोणाकडची, माहेर कुठलं, कपाशी कशी शे औंदा. एकदा प्रज्ञानं न राहवून सगळ्यांदेखत त्याला सुनावलं की भूल द्यायची आहे, सोयरीक जुळवायची नाहीये. तो हो मॅडम म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माहेर विचारलं. बोलता बोलता बाया पाठ सैल सोडून बसायच्या, हे तिलाही दिसत होतं. पण त्यानं तिची चिडचिड कमी झाली नाही. बाळाचे ठोके मंदावलेले असतील तेव्हाही हा माहेर विचारेल, अशी तिला धास्ती होती. ठोके मंदावलेली एक बाई आलीही. झुलालनं माहेर विचारलं नाही. सुई दुसऱ्या प्रयत्नात गेली.

तो पास झाला, काठावर. त्याची नेमणूक मुळात याच रुग्णालयात होती आणि त्याला कुठं हलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तो कुणाच्या लक्षातच नव्हता. गावी घर, शेत, म्हातारे वडील. त्यालाही कुठं जायचं नव्हतं. कितीतरी वर्षांनी प्रज्ञा एका रविवारला जोडून सोमवारची रजा घेऊन पिंप्राळ्यात राहिली. द्रौपदाबाई आता काठी घेऊन चालत होत्या. त्या दिवशी हितेंद्रचा फोन आला तेव्हा ती आधी नरडाण्याच्या गाडीची वेळ आठवायला लागली. पण तो सिझेरियन नीट झालं एवढंच सांगत होता.

"किती वेळा सुई घातली त्यानं?" तिनं विचारलं.

"तीनदा."

"मंगळवारी बघते त्याच्याकडे," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला दिसलं की आई आपल्याकडे बघून हसतेय.

हे सुख तीन महिने टिकलं. मग आदेश आला. आपल्या रुग्णालयात आता भूल देणारे दोघे उपलब्ध असल्यानं डॉ. प्रज्ञा यांनी आठवड्यातले तीन दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या अमुक रुग्णालयात सेवा द्यावी. तिनं तो दोनदा वाचला. एक माणूस तयार केला म्हणून आपल्यालाच उचललं, हे समजायला तिला थोडा वेळ लागला. हितेंद्रला हसू आलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते गिळलं. झुलाल कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मी जाऊ का तिकडे?" ती म्हणाली, तुम्हाला फक्त बाळंतिणींना भूल द्यायची परवानगी आहे, तिकडे सगळंच लागतं. आणि तुम्ही हललात तर इथलं कोण बघणार? असं बोलताना आपण ऋतिकाच्या वेळच्या त्या फोनवरच्या माणसासारखंच बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती आणखीच चिडली.

धुळ्याला जाऊन पुन्हा तो साय धरलेला चहा समोर घेऊन बसायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. ती गेली. रस्ता खराब, रुग्णालय नवं, रंग ताजा. थिएटरमध्ये भूल द्यायचं मशीन होतं, पण खोक्यातून काढलेलं नव्हतं. गेले दोन पावसाळे ते तसंच होतं. वॉर्डातल्या बाया पावरी ही डोंगरातली आदिवासी बोली बोलत होत्या, तिला त्यातलं निम्मं कळत होतं. पहिल्या दिवशी तिनं सिस्टरला सांगून ते खोकं फोडायला लावलं. मग तिथल्या चारही तरुण डॉक्टरांना बोलावलं आणि अजून तोंडावरचा घाम पुसत, अजिबात गोड न बोलता विचारलं, तुमच्यातलं इथलं कोण आहे?

दोघांनी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यानं सांगितलं की त्याची परीक्षा जवळ आलीय. दाराशी उभी असलेली चौथी मुलगी म्हणाली की तिचं गाव इथून वर, डोंगरात आहे, पण तिला रक्ताची जरा भीती वाटते.

"भूल देणारा डोक्याशी उभा असतो," प्रज्ञा म्हणाली. "मधे पडदा असतो. उद्या आठ वाजता ये, आणि उशीर करू नकोस."